म्हशीला पेंड, सुनेला पेज

दुसऱ्या फेरीला एकही बाई आली नाही.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. टेबलावर हिमोग्लोबिनचं मशीन, स्ट्रिप्सची डबी, कापूस, स्पिरिट, सगळं मांडून मी बसले होते. खाली ओढ्याजवळ आमच्या प्रोजेक्टचे जनावरांचे डॉक्टर, इरफान, यांच्यापुढे मात्र म्हशींची रांग लागली होती. पोलादपूर तालुक्यातल्या त्या वाडीत त्या सकाळी म्हशी मुकाट रक्त देत होत्या. बायका कळशी घेऊन समोरून जायच्या, व्हरांड्याकडे एकदा बघायच्या आणि चालत्या व्हायच्या.

"येतील हळूहळू," मी शुभांगीला म्हटलं. शुभांगी ही वाडीची आशा सेविका. घरोघर तीच जाते, त्यामुळे बायकांना गोळा करायचं काम तिच्याकडे होतं.

"नाय येणार, मॅडम," ती म्हणाली. "तुमी मागल्या खेपेला बोललात ना, ते झोंबलंय सगल्यांना."

"काय बोलले मी?"

विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं. शुभांगी कापसाचे बोळे करत बसली.

आमचं काम थोडक्यात सांगते. माणसाला जगायला भात-भाकरी लागते, जनावराला पेंढा-पेंड लागते, हे कुणालाही कळतं. त्याखेरीज दोघांनाही काही धातू लागतात. लोह, तांबं, जस्त, कोबाल्ट. लागतात ते चिमटीत मावतील एवढे, पण नसले तर खाल्लेलं अंगी लागत नाही. यांना आम्ही ट्रेस एलिमेंट्स म्हणतो. हे सगळं मुळात येतं जमिनीतून. जमिनीतून गवतात, गवतातून म्हशीत, आणि भात, भाजी, दुधातून माणसात. कोकणात पाऊस असा कोसळतो की डोंगरउतारावरच्या मातीतलं पुष्कळ काही धुऊन खाली सावित्री नदीत जातं. मग जे मातीत नाही ते म्हशीत तरी आहे का, आणि म्हशीत नाही ते घरातल्या बाईत आहे का, हे आम्ही बघत होतो. एकाच घरातली माती, चारा, म्हैस आणि बाई, असं चौघांचं सॅम्पल घ्यायचं. एकदा पावसाळ्याआधी, म्हशी सुक्या पेंढ्यावर असताना. एकदा पावसाळ्यानंतर, हिरवा चारा पोटात गेल्यावर. दुसरी फेरी हुकली की पहिल्या फेरीच्या नळ्या नुसत्या फ्रीजमध्ये जागा अडवतात.

पहिली फेरी झकास झाली होती. बायका आल्या, लाजत हसत बोटं पुढे केली, कुणी सुई बघून डोळे मिटले. लावणी उरकल्यावर मी रिझल्ट सांगायला गेले. सॅम्पल घेऊन पसार होणारे लोक मला आवडत नाहीत. आपण गावाला काहीतरी परत द्यावं, असं माझं मत होतं आणि त्या मताचा मला थोडा ताठाही होता.

याच व्हरांड्यात मीटिंग भरली. मी लोह म्हणजे काय ते सांगितलं. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही, तेही सांगितलं. बायका जांभया देत होत्या. एकीचं पोर रडायला लागलं. सभा हातातून निसटतेय असं वाटलं की माणूस काहीतरी चुरचुरीत बोलायला जातो. मी गेले.

"तुमच्या वाडीत एक घर आहे," मी म्हटलं. "त्या घरातल्या म्हशीच्या रक्तात सगळं भरपूर आहे. आणि सुनेच्या रक्तात काहीच नाही. म्हणजे म्हशीला पेंड आणि सुनेला पेज! आता सुनेनं जेवायला गोठ्यात बसायचं का?"

व्हरांडा खदखदून हसला. पुरुष जास्त हसले. मीही हसले. कुणीतरी मोबाइल धरला होता, तेही मला दिसलं आणि बरं वाटलं.

नाव घ्यायचं नाही हा आमचा नियम आहे. मी नाव घेतलं नव्हतं.

पुण्याला गेल्यावर सरांना सांगितलं. सर म्हणजे आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख. ते म्हणाले, "वा! हीच स्लाइड कर." मी केली. डावीकडे म्हैस, उजवीकडे रिकामं ताट. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे लोक हसले.

आता वाडीत काय झालं ते. वाडीतली निम्मी माणसं मुंबईत. त्यांचं मंडळ आहे, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि वाडीत कोंबडी मेली तरी ती त्या ग्रुपवर कळते. माझी क्लिप त्याच संध्याकाळी तिथे पोचली. वाडीत सरकीची पेंड विकत आणून घालणारं घर एकच होतं, चंद्राबाईंचं. चंद्राबाई विधवा, साठीच्या पुढच्या. म्हशीचं दूध पोलादपूरच्या हॉटेलात घालायच्या, त्यावर घर चालायचं. मुलगा मंगेश मुंबईत एका कँटीनमध्ये. सून प्रणाली त्यांच्याजवळ वाडीत. प्रणालीचं माहेर वरंधकडचं. तिच्या भावालाही कुणीतरी क्लिप धाडली.

गणपतीला मंगेश आला तो आईशी बोलेना. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रणालीचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि बहिणीला घेऊन गेला. तिला तेव्हा दिवस गेलेले होते. चंद्राबाईंना येता-जाता पोरं "पेंडवाली" म्हणायला लागली. हे सगळं मला शुभांगीनं त्या सकाळी कापसाचे बोळे करता करता सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

म्हशींचं आटोपून इरफान वर आले. ते महाडचेच. बाजारात त्यांच्या वडिलांचं दुकान आहे आणि या खोऱ्यातल्या निम्म्या गोठ्यांना ते नावानं ओळखतात.

"चंद्राबाईंची म्हैस आली नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदाच असं झालं. मॅडम, आपण त्यांच्याकडे जाऊन येऊ."

"काय बोलू त्यांच्याशी?"

"ते मी कसं सांगू?" इरफान म्हणाले. "म्हैस असती तर सांगितलं असतं."

चंद्राबाईंनी आम्हाला हाकललं नाही. ओटीवर बसायला चटई दिली आणि आत चहा ठेवला. कोरा. दारात दुभती म्हैस होती, पण दूध हॉटेलचं.

मी माफी मागायला गेले होते. तोंडातून निघालं ते हे: "मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

"सरकी येकाच म्हशीला मिळते, बाई," चंद्राबाई म्हणाल्या. "नाव कशाला घ्यायला लागतंय?"

मी चहाचा घोट घेतला. भाजला.

"येक इचारू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या मशीनला कळतं का, कोन कोनाला उपाशी ठेवतंय ते?"

"नाही. मशीनला रक्तातला आकडा कळतो फक्त."

"मंग बाकीचं तुमी बोललात."

"हो," मी म्हटलं. "बाकीचं मी बोलले."

इरफान म्हशीकडे बघत बसले होते. मी चंद्राबाईंना विचारलं, "प्रणालीचं रक्त कशानं कमी झालं असेल? तुम्हाला काही अंदाज आहे?"

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "नाय बा. मना काय ठाव?" आणि लगेच, "तुमचं किती हाय?"

"माझं काय?"

"रगत. तुमचं किती हाय?"

मी वीस वर्षं लोकांच्या रक्तात लोह मोजतेय. आदिवासी पाड्यावर, ऊसतोडीच्या फडावर, शाळांमध्ये. माझं स्वतःचं शेवटचं कधी तपासलं होतं ते मला आठवेना.

"असेल अकरा-बारा," मी म्हटलं.

"असंल म्हंजे? बघितलं नाय?" चंद्राबाईंनी कप उचलले. "उद्या शाळेत या. पैलं सगल्यांसमोर तुमचं काढा. मंग मी सांगते बायकांना. नायतर तुमची नि आमची गाठ संपली."

रात्री महाडच्या खोलीवरून सरांना फोन केला. ते म्हणाले, "दे ना मग. एक थेंब रक्त द्यायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी व्हरांडा भरला. रक्त द्यायला नव्हे, बघायला. पायरीवर पुरुष उभे होते. चंद्राबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मी खुर्चीत बसले, हात पुढे केला. शुभांगीनं बोट पुसलं, टोचलं, पहिला थेंब कापसानं टिपला आणि दुसरा स्ट्रिपवर घेतला. मीच शिकवलेली पद्धत होती.

आमची आणखी एक पद्धत होती. मशीनवर आकडा आला की शुभांगीनं तो मोठ्यानं म्हणायचा आणि मी लिहायचा. म्हणजे लिहिताना चूक होत नाही. ही पद्धतही मीच घालून दिली होती.

"सात पॉइंट चार!" शुभांगी म्हणाली. आणि मग तिनं काय म्हटलं ते तिच्याच लक्षात आलं.

बाईचा आकडा बाराच्या वर असावा लागतो. प्रणालीचा पहिल्या फेरीत साडेआठ होता. साडेआठवर मी गोठ्याचा विनोद केला होता.

"परत घे," मी म्हटलं. "स्ट्रिप खराब असेल."

नव्या डबीतली स्ट्रिप घेतली. दुसरं बोट टोचलं. मशीन तपासायचं एक द्रावण असतं, ते घालून पाहिलं. मशीन ठणठणीत होतं. आकडा तोच आला. या वेळी शुभांगी गप्प राहिली, पण तोवर पुढच्या रांगेतल्या पोरांनी टेबलाशी येऊन तो वाचला होता.

व्हरांड्यात कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं. मी वाट बघत होते.

चंद्राबाई खांबाजवळूनच म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरात तुमाला कोन उपाशी ठेवतंय?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"सासू हाय?"

"होत्या. चांगल्या होत्या."

"नवरा?"

"तोच स्वयंपाक करतो बऱ्याचदा. मला आधी वाढतो."

"मंग?"

टेबलाखाली शिरता आलं असतं तर शिरले असते. एका बाईनं आपल्या पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला आणि माझ्यापुढे धरला. शेंगदाणे घातलेला होता. "खावा, लोह असतं," ती म्हणाली. मागच्या मीटिंगला मीच तसं सांगितलं होतं. मी तो खाल्ला. सगळी वाडी मला लाडू खाताना बघत होती.

मग चंद्राबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला गो, द्या बाईला रगत. तिलाच कमी हाय." बायकांनी रांग लावली. दुपारपर्यंत फेरी पूर्ण झाली. वाडीत होत्या त्या सगळ्यांची सॅम्पल्स मिळाली, आणि ती मिळाली दयेपोटी.

सरांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या पायरीवर होते, कारण रेंज तिथेच येते.

"झालं का?"

"झालं. माझं सात पॉइंट चार आलं."

"तुझं सॅम्पल डेटा नाही. ते लिहू नकोस."

"सर, मी डेटाचं बोलत नाहीये."

"बरं, डॉक्टरला दाखव," सर म्हणाले. "आणि ती म्हशीची स्लाइड पुढच्या महिन्याच्या कॉन्फरन्ससाठी राहू दे हं."

इरफान मला तिथूनच महाडला एका लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेले. इरफानची बायको त्यांच्याकडेच जाते. डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवला, सोनोग्राफी केली आणि गर्भाशयात गाठ आहे म्हणाल्या. फार घाबरण्यासारखी नाही, पण मोठी.

"पाळीत किती जातं?"

"जातं जास्त."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं. वय झालं म्हणून असेल असं वाटलं."

"तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. डॉक्टर सभ्य होत्या. त्यांनी मान खाली घालून औषधं लिहिली. शिरेतून लोह द्यायचं ठरलं.

दवाखान्यातल्या बाकावर सलाईन लावून पडले असताना माझ्या डोक्यात आमची प्रश्नावली फिरत होती. बाईला आम्ही काय काय विचारतो! नाचणी किती वेळा, सुकट किती वेळा, पालेभाजी कोणती, चहा किती कप, जेवायला कोण आधी बसतं. पाळीत किती रक्त जातं हा प्रश्न सुरुवातीला होता. मीच तो काढून टाकला होता. फील्डवर विचारायला अवघड वाटतं, बायका लाजतात, असं कारण मी मीटिंगमध्ये दिलं होतं. लाजत होतं कोण, ते आता कळलं. म्हशीबद्दल मात्र आम्ही सगळं विचारलं होतं. किती वेळा व्याली, कधी गाभ गळला, वार पडली की अडकली.

दोन दिवसांनी मी आणि इरफान वरंधला गेलो. मी प्रणालीच्या भावाला आधी फोन केला होता. तो फोनवर इतकंच म्हणाला, "या."

पडवीत तो होता, त्याचे वडील होते, आणखी दोन बाप्ये होते. बाया आत. मी विषय काढला. चंद्राबाईंवर मी विनाकारण ठपका ठेवला, माझी चूक झाली, प्रणालीला जायचं असेल तर तिला जाऊ द्यावं, असं म्हटलं.

भाऊ टेम्पो चालवायचा. बोलणं सरळ. "मॅडम, मी काय माझ्या मनानं आणली का तिला? तुमी पीएचडी. तुमी मशीन लावून बोललात. मी तुमचंच ऐकून गेलो. आता तुमीच म्हनता परत धाडा. तवा खोटं बोललात का आता?"

"तेव्हा आकडा खरा होता. कारण खोटं होतं."

"मंग खरं कारन काय?"

तेवढ्यात आतून प्रणालीनं हाक मारली, "मॅडम, जरा परसात येता?"

परसात धुण्याच्या दगडापाशी ती माझ्याशी बोलली. पंचविशीची, बारीक, पोट नुकतं दिसायला लागलेलं. तिनं मला कारण सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. तिनं तसं वचन घेतलं आहे. इतकंच सांगते की ती बाईच्या शरीराची गोष्ट होती, लग्नानंतरची. तिनं ती स्वतःच्या आईलाही सांगितलेली नव्हती. पेंड, पेज, पंगत यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"आईंना. म्हणजे सासूबाईंना. त्यांनीच निस्तरलं सगळं. त्याच म्हणाल्या, माहेरी नको बोलू, वाडीत नको, मुंबईला तर नकोच. लोक तुला नावं ठेवतील."

"पण त्या मीटिंगमध्ये त्या बसल्या होत्या. मी बोलत असताना. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं त्यांना."

"त्या नाय बोलायच्या," प्रणाली म्हणाली. "मी त्यांना फोन केला होता. म्हटलं, आई, सांगून टाका आता. तर म्हणाल्या, मला पेंडवाली म्हणतायत ना, म्हणू देत. तुला काय म्हणतील ते मला ऐकायचं नाय."

मी धुण्याच्या दगडावर बसले. ओटीवर कोरा चहा देऊन "मना काय ठाव" म्हणणारा तो चेहरा मला आठवला. वाडीतल्या पोरांनी चिडवलेलं, पोटच्या पोरानं बोलणं टाकलेलं, सून गेलेली, आणि तरी ती बाई माझ्याशी त्या दिवशी खोटं बोलली होती. इतकी लाज मला सात पॉइंट चारनंही वाटली नव्हती.

प्रणालीनं माझ्या हाताला धरलं. "भावाला हे सांगू नका हां. पण मला जायचंय. काहीतरी सांगा."

काहीतरी म्हणजे काय सांगणार? माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, माझं.

मी पडवीत परत आले, बसले, आणि चार बाप्यांसमोर म्हटलं, "तुम्ही खरं कारण विचारलंत. प्रणालीचं मी सांगू शकत नाही. माझं सांगते. माझं रक्त तुमच्या बहिणीपेक्षा कमी आहे. सात पॉइंट चार. मला कोणी उपाशी ठेवत नाही, माझा नवरा मला आधी वाढतो. मला पोटात गाठ आहे आणि माझं पाळीत फार रक्त जातं. दोन-तीन वर्षं जातंय. मी ते कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरला दाखवलं नाही. बाईचं रक्त कमी व्हायला पन्नास कारणं असतात. मी त्यातलं जे लोकांना हसवेल ते उचललं."

म्हातारा उठून पानाची पिशवी शोधायला आत गेला. इरफान चपलेकडे बघत होते.

भाऊ मग म्हणाला, "मॅडम, हे मला सांगून काय उपेग? त्या म्हातारीला नावं ठेवली ती मुंबईच्या ग्रुपवर. तिकडं सांगाल का?"

"सांगते," मी म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

परत येताना ओढ्याच्या पुलाजवळ इरफाननी गाडी थांबवली आणि माझ्याच मोबाइलवर माझी क्लिप काढली. पहिल्यांदा मी "रक्तस्राव" म्हटलं. इरफान म्हणाले, "मॅडम, कँटीनमधल्या पोरांना हे कळणार नाही." दुसऱ्यांदा सरळ बोलले. शुभांगीनं ती ग्रुपवर टाकली. मंडळाच्या ग्रुपवर अशी शांतता पूर्वी कधी झाली नव्हती म्हणे. मग कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणीतरी गणपतीचा फोटो टाकला आणि विषय बदलला. तीन दिवसांनी ती क्लिप फिरत फिरत सरांकडे पोचली.

"हे काय केलंस तू?" सर म्हणाले. "इन्स्टिट्यूटचं काही भान?"

"स्लाइडही काढून टाकली आहे, सर. आणि प्रश्नावलीत एक प्रश्न परत घालायचाय."

"कोणता?"

मी सांगितला. सरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बघू."

प्रश्न आता आहे. सरांनी तो घालू दिला, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. माझी गाठ काढली. मंगेशनं आईला फोन केला, असं शुभांगीकडून कळलं. काय बोलला ते चंद्राबाईंनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही. प्रणाली दिवाळीनंतर वाडीला परतली. सातव्यात बाळंतपणाला माहेरी जायचंच होतं, म्हणून भाऊ कुरकुरला, "दीड महिन्यासाठी कशाला टेम्पो फिरवायचा?" पण घेऊन आला. वाडीतल्या पोरांनी "पेंडवाली" म्हणणं सोडलं नाही. पोरं ती पोरंच. मला मात्र त्यांनी नवं नाव दिलं, "सात-चार". मी वाडीत शिरले की ते ऐकू येतं. मी वळून बघते आणि हात करते. दुसरं करणार काय?

दुसऱ्या फेरीचे रिझल्ट सांगायला गेले तेव्हा व्हरांड्यात मीटिंग घेतली नाही. घरोघर गेले. चंद्राबाईंकडे सगळ्यात शेवटी. प्रणाली चुलीपाशी होती; परत आल्यावर शुभांगीनं तिचं रक्त घेतलं होतं, आकडा चढला होता. म्हैस उत्तम होती. मी चटईवर बसून जे आधी म्हणायला हवं होतं ते म्हटलं. "चंद्राबाई, मला माफ करा."

"झालं ते झालं," त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसून बोट पुढे केलं. "माझं बघा."

"तुमचं वय आमच्या प्रोजेक्टमध्ये बसत नाही. पन्नाशीच्या आतल्याच बायकांचं घेतो आम्ही."

"म्हशीचं वय इचारलंत तवा?"

शुभांगी हसली आणि तिनं मशीन काढलं. बोट पुसलं, टोचलं, पहिला थेंब टिपला, दुसरा स्ट्रिपवर घेतला. आकडा आला. सवयीनं तिनं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

चंद्राबाईंना वाचता येत नाही. मी वाकून त्यांच्या कानात आकडा सांगितला, तो किती असायला हवा तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. कुनाला सांगू नका."

तो मी कुठेही लिहिलेला नाही. इथेही लिहीत नाही.